गिऱ्हाइकांचे प्रश्न आधी, ब्लॉग नंतर : खान्देशातील छोट्या व्यावसायिकांसाठी मार्गदर्शक

खान्देशातील मसाले, पापड, पीठ, रोपवाटिका, मोटारदुरुस्ती अशा छोट्या व्यवसायांचे जे ब्लॉग पाहायला मिळतात, त्यांतील पुष्कळ एकाच पद्धतीने थांबलेले दिसतात. पहिला लेख 'आमच्याविषयी', दुसरा दिवाळीच्या शुभेच्छांचा, तिसऱ्यात मालाची छायाचित्रे, आणि त्यानंतर काहीच नाही. बहुतेक वेळा यामागे कामाचा उलटा क्रम असतो. ब्लॉगचे नाव, रंग आणि मांडणी आधी ठरते, लेख कशावर लिहायचे याचा विचार शेवटी होतो, आणि लेख वाचून झालेल्या माणसाने माल नेमका कसा मागवायचा, हे तर राहूनच जाते. पुढील टप्प्यांत हा क्रम सरळ लावला आहे. उदाहरण म्हणून पाचोरा किंवा अमळनेरसारख्या गावातून काळा मसाला, कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ आणि बिबडे (ज्वारीचे पापड) विकणारा एक गृहउद्योग डोळ्यांसमोर ठेवला असून, इतर व्यवसायांनी जिथे वेगळे करायला हवे तिथे तसे नमूद केले आहे.

१. ब्लॉगची गरज आहे का, ते ठरवा

ब्लॉग वाचून खरेदी करणारे गिऱ्हाईक सहसा आपल्या गल्लीतले नसते. ते पुण्यात, नाशकात, कल्याणला किंवा सुरतेच्या उधना-लिंबायत भागात राहते, गावाकडची चव त्याला ठाऊक असते, पण गावाकडचे दुकान हाताशी नसते. असे गिऱ्हाईक मोबाइलवर शोध घेते, आणि ब्लॉग लिहायचा तो त्याच्यासाठी. ज्या मालाविषयी खरेदीपूर्वी शंका पडतात, त्यालाही ब्लॉगचा उपयोग होतो : केळीचे टिश्यू कल्चर रोप कधी लावावे, विहिरीच्या खोलीनुसार किती अश्वशक्तीचा पंप घ्यावा, जुने सोने मोडताना घट कशी धरतात.

महामार्गावरील शेवभाजीचे हॉटेल, केशकर्तनालय किंवा कोपऱ्यावरचे किराणा दुकान यांचे गिऱ्हाईक मात्र लेख वाचत बसत नाही. ते नकाशावर 'जवळचे' शोधते. अशा व्यावसायिकांनी आधी गूगलवरील व्यवसायाची नोंद पूर्ण करावी, म्हणजे पत्ता, उघडण्याची वेळ, सुट्टीचा वार आणि चार स्वच्छ छायाचित्रे टाकून पडताळणी करून घ्यावी. तेवढ्यावर त्यांचे काम भागते, आणि ब्लॉगचा खटाटोप त्यांनी केला नाही तरी काही बिघडत नाही.

*तपासणी :* गेल्या महिन्यात परगावाहून आलेले फोन आठवा. लोकांनी माल मागण्यापूर्वी काही विचारले असेल, तर पुढच्या टप्प्याकडे वळा.

२. प्रश्नांची वही भरा

संगणकाला हात लावण्यापूर्वी दोन-तीन आठवडे एक साधी वही गल्ल्याजवळ ठेवावी आणि समोरून, फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत तिच्यात उतरवावा. बचतगटांच्या प्रदर्शनात किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत गाळा लावत असाल, तर तिथे ही वही आठवणीने न्यावी, कारण नवखे गिऱ्हाईक तिथेच सर्वाधिक प्रश्न विचारते. 'कळण्याच्या पिठाविषयी माहिती' असा गोळाबेरीज शब्दप्रयोग वहीत नको. 'कळण्याची भाकरी थापताना तुटते, काय करू?' असेच लिहावे. शोध घेणारा माणूस याच भाषेत शोधतो आणि पुढे लेखाचे शीर्षकही यातूनच मिळते.

वही भरली की प्रत्येक प्रश्न गूगलच्या शोधपेटीत टाकून पाहावा. अक्षरे लिहिता लिहिता खाली ज्या सूचना दिसतात, त्या इतरांनी केलेल्या शोधांवर आधारलेल्या असतात. एकच प्रश्न देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही प्रकारे टाकून पाहणे आवश्यक आहे, कारण मराठी वाचणारे पुष्कळ लोक शोध मात्र रोमन अक्षरांतच घेतात. खान्देश, खानदेश आणि खांदेश ही तिन्ही लेखने चालतात. लेखात मुख्य लेखन एकच ठेवावे आणि बाकीची ओघात एखाद्या ठिकाणी येऊ द्यावीत.

मग प्रश्नांचे तीन गठ्ठे करावेत. पहिल्यात खरेदीला अगदी लागून असलेले प्रश्न येतील : मसाला किती तिखट आहे, पावसाळ्यात बिबडे किती दिवस टिकतात, सुरतेला पार्सल पोहोचायला किती दिवस लागतात. दुसऱ्यात वापराचे प्रश्न येतील, तिसऱ्यात निव्वळ कुतूहलाचे. लेखनाची सुरुवात पहिल्या गठ्ठ्यापासून करावी. बहुतेक जण तिसऱ्यापासून सुरुवात करतात आणि 'खान्देशी खाद्यसंस्कृती' या विषयावर लांबलचक लेख लिहून दमतात. तो लेख वाचला जातो, वाखाणलाही जातो, पण त्यातून पावशेर मसालासुद्धा विकला जात नाही.

*तपासणी :* पहिल्या दोन गठ्ठ्यांत मिळून दहा-बारा प्रश्न जमेपर्यंत ब्लॉग उघडू नका.

३. खाते आणि पत्ता स्वतःच्या नावावर घ्या

छोट्या व्यवसायाला ब्लॉगर आणि वर्डप्रेस हे दोन मार्ग पुरेसे आहेत. ब्लॉगर ही गूगलची मोफत सेवा आहे, तिला देखभाल फारशी लागत नाही आणि इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता (डोमेन) विकत घेऊन तिला जोडता येतो. वर्डप्रेसमध्ये सोयी अधिक आहेत, पण इंटरनेटवर स्वतः भाड्याने घेतलेल्या जागेवर (होस्टिंगवर) चालवायचे तर वार्षिक भाडे, अद्ययावत करणे आणि सुरक्षितता यांची जबाबदारी येते. घरात हे सांभाळणारे कोणी नसेल तर ब्लॉगर घ्यावे. या निवडीवर आठवडे घालवण्यासारखे काहीही नाही.

वेळ द्यायचा तो मालकीच्या प्रश्नाला. व्यवसायाच्या नावाने वेगळे जीमेल खाते काढावे, त्याला स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडावा, दुहेरी पडताळणी (संकेतशब्दासोबत मोबाइलवरूनही खात्री करणारी सोय) सुरू करावी आणि संकेतशब्द कागदावर लिहून कपाटात ठेवावा. शक्य असेल तर 'डॉट इन' किंवा 'डॉट कॉम' असा स्वतःचा पत्ता सुरुवातीलाच घ्यावा. मोफत पत्त्यावर दोन वर्षे लिहून मग पत्ता बदलायचा म्हटले की जुने छापील पुठ्ठे, पिशव्या आणि पत्रके सगळी बदलावी लागतात.

*इशारा :* भाच्याच्या किंवा शेजारच्या मुलाच्या जीमेलवर ब्लॉग उघडू नका. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, क्रमांक बदलला, की ब्लॉग दिसत राहतो पण त्यातील एक अक्षरही बदलता येत नाही. पत्ता विकत घेऊन देणाऱ्याने तो स्वतःच्या नावावर नोंदवला असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी हाच प्रकार अधिक महागात पडतो.

४. पहिला लेख लिहिण्यापूर्वी मागणीची वाट तयार करा

ब्लॉगवर सर्वांत आधी दोन कायमची पाने तयार करावीत : एक दर आणि पार्सलचे, दुसरे संपर्काचे. दरांच्या पानावर प्रत्येक वस्तू, वजन, किंमत, पार्सलखर्च आणि पैसे भरण्याची पद्धत स्पष्ट लिहावी. 'दरासाठी संपर्क साधा' हे वाक्य घाऊक व्यापाराला शोभते. पाव किलो मसाला घेणारी व्यक्ती एवढ्यासाठी फोन करत नाही, ती पुढच्या दुकानाकडे वळते.

किंमत फक्त याच एका पानावर लिहावी आणि प्रत्येक लेखातून या पानाचा दुवा द्यावा. लेखालेखांत दर लिहिले तर मिरची महागल्यावर प्रत्येक लेख उघडून आकडे बदलावे लागतात, एखादा राहतो, आणि गिऱ्हाईक नेमका तोच दाखवून जुन्या दराने माल मागते.

व्हॉट्सअ‍ॅपवर थेट संवाद उघडणारा दुवा तयार करण्यासाठी 'डब्ल्यूए डॉट एमई', तिरपी रेघ, मग ९१ आणि दहा अंकी क्रमांक असे लिहायचे असते. त्यात अधिकचिन्ह, सुरुवातीचे शून्य, मोकळी जागा किंवा देवनागरी अंक चालत नाहीत. या दुव्यापुढे प्रश्नचिन्ह, रोमन लिपीतील 'टेक्स्ट' हा शब्द, बरोबरचे चिन्ह आणि छोटा मजकूर जोडला, तर तो मजकूर गिऱ्हाइकाच्या संदेशपेटीत आपोआप येतो. प्रत्येक लेखाला वेगळा क्रमांक देऊन तो या मजकुरात घालावा. पुढे कोणत्या लेखातून चौकशी आली हे त्यावरून कळते. पैसे न लागणारी याहून सोपी मोजणी नाही.

खाद्यपदार्थ विकत असाल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडील १४ अंकी नोंदणी किंवा परवाना क्रमांक या पानांवर असायला हवा. परगावच्या अनोळखी गिऱ्हाइकाला आगाऊ पैसे पाठवताना विश्वास वाटण्यासाठीही तो उपयोगी पडतो.

*तपासणी :* दुसऱ्याच्या मोबाइलवरून दुवा दाबून पाहा. संवाद उघडतो का, मजकूर येतो का, आणि तो फोन घरात नेमका कोण उचलणार आहे, हे ठरले आहे का?

५. एका लेखात एकाच प्रश्नाचे उत्तर द्या

इथेच सर्वाधिक चुका होतात, म्हणून हा टप्पा उदाहरणासह पाहू. प्रश्न आहे : 'कळण्याची भाकरी थापताना तुटते, काय करू?'

नेहमीचा लेख असा सुरू होतो : 'खान्देश ही संतांची आणि कष्टकऱ्यांची भूमी असून येथील खाद्यपरंपरा…' वाचणारीचे हात या क्षणी पिठाने माखलेले आहेत आणि तव्यावर धूर निघतो आहे, तिला उत्तर हवे आहे. म्हणून पहिल्या दोन-तीन वाक्यांतच उत्तर द्यावे : पीठ जुने झालेले असते, पाणी पुरेसे गरम नसते, किंवा एकदम जास्त पीठ मळून ठेवलेले असते.

त्यानंतर कारणे सांगावीत. कळण्यात ज्वारी आणि उडीद असतात. गव्हात चिकटपणा आणणारी जी प्रथिने असतात ती या पिठात नसल्यामुळे भाकरी धरून ठेवण्याचे काम मुख्यतः गरम पाण्याने फुललेल्या पिष्टावर येते, आणि पाणी कोमट असले की कडा फुटतात. मग कृती : एका वेळी एका-दोन भाकऱ्यांपुरतेच पीठ घ्यावे, कढत पाण्याने आधी चमच्याने कालवावे, हाताला सोसवेल इतके निवल्यावर तळहाताच्या टाचेने मळावे आणि लगेच थापावे. त्यापुढे पीठ जुने झाले हे कसे ओळखायचे, ते किती दिवस आणि कशात ठेवायचे, हे लिहावे. एवढे झाल्यावरच आपल्या मालाचा उल्लेख येतो, तोही वस्तुस्थितीच्या रूपात : आमच्याकडे पीठ मागणी आल्यावर दळले जाते, पिशवीवर दळल्याची तारीख असते, दर या पानावर आहेत.

लेखात विक्रीचा भाग एवढाच असावा. 'सर्वोत्तम', 'अस्सल', 'एकमेव' या विशेषणांनी जे साधत नाही, ते दळल्याच्या तारखेने साधते. लांबी पाचशे ते आठशे शब्द पुरते. उत्तर तीनशेत संपत असेल तर तीनशेतच संपवावे. उपशीर्षके प्रश्नरूप ठेवावीत आणि परिच्छेद मोबाइलच्या पडद्यावर पाच-सहा ओळींपेक्षा लांब दिसू नयेत.

भाषेविषयी एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. अहिराणी किंवा लेवा बोलीतील एखादा शब्द किंवा वाक्य लेखात आल्याने परगावचा खान्देशी वाचक सुखावतो, आणि ते योग्यच आहे. परंतु कृती, प्रमाण, वजन आणि अटी प्रमाण मराठीतच लिहाव्यात, कारण पुण्यात वाढलेली सून बोली समजून घेईलच असे नाही, आणि मागणी बहुधा तीच नोंदवते.

*इशारा :* दुसऱ्याचा लेख किंवा पाककृती उचलून टाकू नका. यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूर न वाचता टाकणेही तितकेच घातक आहे. त्यात कळण्याला मैदा सुचवलेला असला तर हसे तुमच्याच दुकानाचे होते.

*इशारा :* नागली, ज्वारी किंवा मसाल्याने 'मधुमेह बरा होतो', 'सांधेदुखी जाते' असे लिहू नका. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा कायदा आणि अन्नपदार्थांच्या जाहिरात व दाव्यांविषयीची २०१८ ची नियमावली अशा दाव्यांना लागू होतात, आणि ब्लॉगवरील लेखही त्यातून सुटत नाही. जळगावची केळी आणि भरिताची वांगी यांना भौगोलिक मानांकन आहे. त्याचे चिन्ह मालावर लावण्याचा अधिकार अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेल्यांनाच असतो. आपण ती नोंदणी केली नसेल तर चिन्ह वापरू नका.

६. टंक आणि छायाचित्रे तपासा

छापखान्यातून करून घेतलेल्या जुन्या पत्रकांचा मजकूर बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या टंकांत (फॉन्टमध्ये) असतो. तो ब्लॉगमध्ये चिकटवला की निरर्थक रोमन अक्षरे उमटतात, आणि गूगललाही त्यात मराठी दिसत नाही. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही मोबाइलवर मराठीच दिसेल अशा अक्षरांत हवा. मोबाइलवरील जीबोर्ड या गूगलच्या कळफलकावर मराठी बोलून लिहिण्याची सोय आहे. गिऱ्हाइकाला उत्तर सांगतो तसे बोलावे आणि नंतर शुद्धलेखन सुधारावे. लिहिण्याचा कंटाळा असणाऱ्यांना हा मार्ग चांगला जमतो.

पत्रकाचे चित्रच लेख म्हणून टाकणे ही दुसरी चूक. चित्रातील अक्षरांवर शोधासाठी भिस्त ठेवता येत नाही, म्हणून दर, पत्ता आणि कृती ही अक्षरांतच लिहावीत. छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, साध्या पार्श्वभूमीवर काढावीत. बिबड्यांचा पातळपणा दाखवायचा तर एक बिबडा उजेडासमोर धरून काढलेले चित्र पुरेसे बोलके असते. मोबाइलमधील मूळ छायाचित्र कित्येक एमबींचे असते. ते लहान करून दोनशे केबींच्या आसपास आणावे, नाहीतर ज्या गावात नेटवर्क मंद आहे तिथे पान उघडण्यापूर्वीच वाचक निघून जातो. प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारी छोटी ओळ द्यावी.

७. प्रकाशित करण्याचे बटण दाबण्यापूर्वी

ब्लॉगरमध्ये देवनागरी शीर्षक दिले की लेखाचा पत्ता आपोआप 'ब्लॉग-पोस्ट' आणि एखादा आकडा असा निरर्थक तयार होतो. वर्डप्रेसमध्ये पत्ता देवनागरी राहतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की बऱ्याचदा त्याची टक्केचिन्हांनी भरलेली लांबलचक माळ होते, आणि ती पाहून लोक दुवा उघडायला कचरतात. उपाय एकच : प्रकाशनापूर्वी 'पर्मालिंक' या जागी रोमन लिपीत, शब्दांमध्ये जोडरेघ देऊन छोटा पत्ता स्वतः लिहावा. नंतर तो बदलला तर आधी पाठवलेले दुवे तुटू शकतात.

शीर्षक प्रश्नाच्या भाषेत असावे आणि महत्त्वाचे शब्द सुरुवातीला यावेत. शोधवर्णनाची, म्हणजे शोधात शीर्षकाखाली दिसू शकणाऱ्या मजकुराची पेटी ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये आधी सुरू करावी लागते. तिच्यात लेखातील उत्तर दोन ओळींत लिहावे.

पहिले तीन-चार लेख झाले की ब्लॉग गूगल सर्च कन्सोलमध्ये (ब्लॉग शोधात कसा दिसतो ते दाखवणाऱ्या गूगलच्या सेवेत) नोंदवून तिथे साइटमॅप, म्हणजे ब्लॉगवरील पानांची यादी द्यावी. सेवा मोफत आहे. नोंद झाल्यावरही लेख शोधात दिसायला कधी काही दिवस, कधी काही आठवडे लागतात, आणि वरच्या क्रमांकावर येण्याची हमी कोणीही देऊ शकत नाही. 'आठवड्यात पहिल्या पानावर आणून देतो' असे सांगून पैसे मागणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा.

८. हंगामाच्या दीड-दोन महिने आधी लिहा

वर सांगितलेल्या विलंबामुळे लेखाची तारीख हंगामावरून मागे मोजावी लागते. काळा मसाला करण्याचे दिवस मार्च ते मे. त्यावरचे लेख जानेवारीत प्रकाशित व्हावेत. बिबडे, कुरडया आणि पापडांचेही तसेच. आखाजीसाठीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मांड्यांविषयीचा लेख फेब्रुवारी-मार्चमध्ये, श्रावणातील कानबाईच्या उत्सवात लागणाऱ्या रोटांच्या पिठाविषयीचा लेख जूनमध्ये, आणि हिवाळ्यातील भरिताचा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तयार हवा. रोपवाटिकेने मृगबागेच्या (जून-जुलैत लावायच्या) केळी रोपांविषयी जूनमध्ये लिहिले तर उपयोग नाही. तोवर शेतकऱ्याने रोपांची आगाऊ नोंदणी दुसरीकडे केलेली असते.

महिन्याला दोन लेख हे प्रमाण छोट्या व्यवसायाला झेपते. आरंभीच्या उत्साहात रोज लिहून महिन्याभरात थांबण्यापेक्षा हे बरे. सणांच्या शुभेच्छा ब्लॉगवर टाकू नयेत. ती जागा व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसची आहे.

९. लेख लोकांपर्यंत न्या

शोधातून वाचक येईपर्यंत लेख स्वतःच पोहोचवावा लागतो. सर्वांत चांगली जागा म्हणजे जुनी गिऱ्हाइके. कोणी वहीतला एखादा प्रश्न पुन्हा विचारला, की दोन ओळींत उत्तर देऊन सोबत त्या लेखाचा दुवा पाठवावा. यात आगंतुकपणा वाटत नाही आणि तुमचा वेळही वाचतो. पार्सलमध्ये टाकायच्या चिठ्ठीवर 'भाकरी तुटत असल्यास हे वाचा' असे लिहून शेजारी लेखाचा क्यूआर कोड छापावा. समाजाच्या आणि गावाच्या गटांमध्ये मात्र प्रत्येक लेख टाकू नये. गटचालकाची परवानगी घेऊन महिन्यातून एखादाच, आणि तोही ज्यात विक्रीपेक्षा माहिती अधिक आहे असा टाकावा.

१०. दर महिन्याला मोजा, वर्षाने दुरुस्त करा

मागणीच्या वहीत 'कुठून कळले' असा एक रकाना वाढवावा आणि दुव्यातील लेखक्रमांक त्यात नोंदवावा. सर्च कन्सोलमध्ये कोणत्या शब्दांवर लेख दिसला आणि किती जणांनी तो उघडला, हे आकडे मिळतात. लेख पुष्कळदा दिसतो पण कोणी उघडत नाही, तर शीर्षक किंवा वर्णन बदलावे. लोक उघडतात पण चौकशी येत नाही, तर दरांचे पान आणि व्हॉट्सअ‍ॅपचा दुवा पुन्हा तपासावा. अशा वेळी दोष बहुधा तिथेच सापडतो. लेख दिसतच नाही, तर त्या शब्दांत कोणी शोधत नसावे. वहीकडे परत जावे. पहिल्या तीन-चार महिन्यांच्या आकड्यांवरून ब्लॉग बंद करण्याचा निर्णय घेऊ नये, कारण हंगामाचे एक चक्र पूर्ण झाल्याशिवाय तुलना करण्यासारखे काही हातात नसते.

वर्षाने प्रत्येक जुना लेख उघडून पाहावा, बदललेली माहिती सुधारावी आणि एकाच प्रश्नावर दोन लेख झाले असतील तर चांगल्या लेखात दुसऱ्याचा मजकूर सामावून घ्यावा. हंगाम संपला म्हणून बिबड्यांचा लेख काढून टाकण्याची चूक अनेक जण करतात आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात. लेख तसाच ठेवून वर एक ओळ घालावी : 'यंदाचा माल संपला आहे, नवीन बिबडे एप्रिलमध्ये मिळतील, आगाऊ नोंदणीसाठी संदेश पाठवा.'